कामिनीचे बी

प्रभाताई पंडितांच्या स्वयंपाकघरात चहाच्या दोन गाळण्या टांगलेल्या असत. त्यांपैकी खिडकीकडच्या गाळणीतून चहा कधीच गाळला गेला नाही. ती फळांसाठी होती. कामिनीची शेंदरी, ड्युरांटाची सोनपिवळी, करवंदीची पांढऱ्यावर गुलाबी झाक मारणारी, अशी जी फळे खाण्यापेक्षा पाहण्यासाठी असतात असे ताईंचे मत होते, त्यांच्यासाठी. नळाच्या बारीक धारेखाली गाळणी धरून त्या फळे अंगठ्याने हलकेच चोळत. चिकट गर वाहून जाई, बी मागे राही. एकदा माझ्या पत्नीने नकळत त्याच गाळणीने चहा गाळला. ताईंनी तो निमूटपणे घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चहा उत्तम झालाय. गाळणी मात्र आता तुमची. माझ्या बियांना आल्याचा वास चालत नाही."

बियांना वास कळतो की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हा दोघांनाही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पत्नी नवी गाळणी देऊन आली.

माझी हयात दुसऱ्यांच्या मजकुराची मुद्रिते तपासण्यात गेली. स्वतःहून काही लिहावे असे या वयात प्रथमच वाटले, ते ताईंमुळे. त्यांचे चरित्र मला ठाऊक नाही. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, ट्रंक कॉल हाताने जोडून देण्याच्या काळात नोकरीला लागून पुढे पर्यवेक्षक झाल्या होत्या, एवढेच सर्वांना माहीत होते. लग्न केले नव्हते. का केले नाही, हे विचारण्याची सोय नव्हती. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत, बी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. त्यांच्या वर गच्ची होती आणि गच्चीवरून पूर्वेला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत.

उंच, ताठ, सुती साडीला कडक इस्त्री. वर्षानुवर्षे हेडफोन लावून त्यांचा डावा कान मंदावला होता. कुणी बोलू लागले की त्या उजवा कान पुढे करीत, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, बाईंनी आपल्याकडून तोंड फिरवले. माणसांना नावाने हाक मारण्याची त्यांना सवय नव्हती. एक्स्चेंजमध्ये लागलेले वळण असावे. त्या आम्हाला घरांच्या क्रमांकांनी ओळखत. मी बी-चार होतो. "काय बी-चार, पेपर आज लवकर संपला? छापायला काही उरलं नाही वाटतं." वसाहतीचे अध्यक्षसुद्धा त्यांच्या लेखी ए-सातच राहिले. तळमजल्यावरचे आप्पा आहेर तेवढे या नियमाला अपवाद. ते 'आप्पा' होते. हा मान त्यांना कसा मिळाला, ते कुणालाच सांगता आले नसते.

ताईंची गच्ची पाहायला येणारे बहुतेक जण निराश होऊन परतत. गुलाब नाही, मोगरा नाही, शेवंती नाही. "फुलं नाहीत का हो?" असे कुणी विचारलेच तर त्या म्हणत, "येतात. पण फूल म्हणजे निमंत्रणपत्रिका. पत्रिका घरात जपून ठेवणारी माणसं मला कळत नाहीत. कार्य पुढे असतं." कार्य म्हणजे फळ. हिवाळ्यात तुम्ही योग्य वेळी वर गेलात, तर ते कार्य काय असते हे दिसे. ड्युरांटाच्या फांद्या पिवळ्या मण्यांच्या घोसांनी गुडघ्यापर्यंत वाकलेल्या असत. त्याची फळे विषारी म्हणून ते झाड पाण्याच्या टाकीमागे, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवलेले असे. आणि या सगळ्या झुडपांतले एकही रोप ताईंनी विकत आणलेले नव्हते, की फांदी खोचून वाढवलेले नव्हते. सगळी बियांपासून.

हे केवढे काम आहे, याची मला पुष्कळ दिवस कल्पना नव्हती. शोभेच्या झुडपांची बी पेरत कोण बसतो? रोपवाटिकेत गेले की पिशवीत तयार रोप मिळते. ताई मात्र ट्रेमध्ये कोकोपीट आणि वाळू भरून, प्रत्येक बी काडीच्या टोकाने बसवून वाट पाहत. कधी महिना, कधी दोन महिने. रोप आले तरी पहिले फळ दिसायला आणखी काही वर्षे. मी विचारी, "ताई, काही उगवलं का?" त्या ट्रेकडे न पाहताच उत्तर देत, "रिंग जातेय. उचलतील." पस्तीसएक वर्षे दुसऱ्या टोकाने कुणीतरी उचलण्याची वाट पाहणे हेच ज्यांचे काम होते, त्यांना वाट पाहण्याचा शीण कसा तो ठाऊकच नव्हता.

त्यांचे कायदे होते आणि ते सर्वांना सारखे होते. झाडाच्या शेंड्याची फळे बुलबुलांची, खालची ताईंची. "मधल्या फांद्यांबद्दल आमचे वाद आहेत," असे त्या गंभीरपणे सांगत. एका वर्षी ए इमारतीतल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नातल्या रुखवताला सजावट म्हणून कामिनीची लाल फळे मागितली. ताईंनी परडीभर दिली, पण अट घातली. फळे तुमची, बिया माझ्या. बाई हसल्या, त्यांना वाटले, विनोद आहे. मांडवपरतणीच्या दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या दारात उभ्या. लग्नघराच्या त्या पसाऱ्यात, व्याह्यांच्या सामानाच्या याद्या चाललेल्या असताना, नवरीची आई आणि नवरीची मावशी पाटावर बसून सुकत चाललेली फळे सोलत होत्या. बिया कशात द्याव्यात ते सुचेना, म्हणून त्यांनी त्या हळदीकुंकवाच्या करंड्यात घालून दिल्या. ताईंनी करंडा उघडून पाहिला. "दोन बिया कमी आहेत," असे म्हणाल्या आणि मग, बाईंचा चेहरा पडलेला पाहून, "असू द्या. त्या आहेर समजा."

आप्पा आहेरांची थोडी ओळख करून द्यायला हवी. ते देवळ्याकडचे, कांद्याचे शेतकरी. शेती धाकट्या भावाकडे, मुलगा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पत्नी वारल्यावर मुलाने त्यांना इथे आणले. वसाहतीत त्यांना करण्यासारखे काही नव्हते. सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करीत. कांद्याच्या बियाण्याला त्यांच्याकडे उळे म्हणतात. उळ्याचा विषय निघाला की आप्पांची पाठ सरळ होई. आजोबांपासून घरचे उळे घरीच धरीत, त्यांच्या उळ्यासाठी चार गावांतले लोक दारात उभे राहत, हे आम्ही सर्वांनी अनेकदा ऐकले होते. ताईंनी ते सर्वांत जास्त वेळा ऐकले असेल, कारण त्या मधेच उठून जात नसत. मला वाटते, आप्पांची आणि त्यांची मैत्री याच कारणाने झाली. आमच्यात बी या गोष्टीवर बोलू शकणारी तीच दोन माणसे होती.

आप्पांची खुर्ची जिथे असे, तिथेच ती कामिनी होती. कुणी तिला कुंती म्हणतात. आमची वसाहत होण्याआधीची, झुडूप म्हणावे की वृक्ष असा प्रश्न पडावा एवढी जुनी. वसाहतीत पुढे ज्या कामिनी लावल्या गेल्या, त्या रोपवाटिकेतल्या बुटक्या जातीच्या. फुलत, पण फळ क्वचितच धरीत. ही मात्र पौषात अशी लाल होई की रिक्षावाले पत्ता सांगताना 'लाल फळांचे फाटक' म्हणत. ताईंनी तिच्या बिया अनेकदा पेरल्या होत्या. पण ती रोपे त्यांनी, स्वभावानुसार, मागेल त्याला वाटून टाकली होती. झाड समोर उभेच आहे, मग रोप कशाला ठेवायचे, असा त्यांचा विचार असावा. दोन-चार ठिकाणी मी नंतर चौकशी केली. कुठे बंगला पडून इमारत झाली होती, कुठे कुंडी गॅलरीत वाळून गेली होती.

रस्ता रुंद होणार हे ठरले, तेव्हा फाटक आणि भिंत मागे जाणार हेही ठरले. एके सकाळी कामिनीच्या खोडावर पांढऱ्या रंगाची फुली दिसली. वसाहतीत सभा झाली, अर्ज झाले. ताई सभेला आल्या नाहीत. मोजणीसाठी आलेल्या तरुण अभियंत्याला गाठून त्यांनी एवढेच विचारले, "तोडायची कधी?"

"या आठवड्यात, मॅडम."

"फळ अजून हिरवं आहे. कच्च्या फळातलं बी उगवत नाही. पिकू द्या."

"मॅडम, रस्त्याचं काम आहे. आम्हाला थांबता येत नाही."

"रस्ता पुढच्या महिन्यातही रुंदच होणार आहे," ताई म्हणाल्या. "काम दुसऱ्या टोकानं सुरू करा. इथे याल तोवर माझं झालेलं असेल."

त्याने त्यांच्याकडे पाहिले. ताईंनी उजवा कान त्याच्याकडे केला होता, म्हणजे तो आता उत्तर देणार हे त्यांनी गृहीत धरले होते. का कोण जाणे, त्याने मान हलवली, आणि काम खरोखर दुसऱ्या टोकाने सुरू झाले. यंत्रांचा आवाज रोज थोडा जवळ येत होता आणि फळ रोज थोडे लाल होत होते. आम्ही सगळेच येता-जाता ते झाड पाहू लागलो. त्या वर्षी बुलबुलांनाही ताईंनी शेंड्याचा वाटा दिला नाही. सगळ्या झाडावर जुनी मच्छरदाणी टाकली. नियम मोडताना मी त्यांना तेव्हाच पाहिले.

फळे उतरवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कामिनी तोडली. ताई खाली आल्या नाहीत. मी जिन्यावरून जाताना त्यांच्या दारातून नळाच्या बारीक धारेचा आवाज येत होता.

पेरणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. त्या संध्याकाळी पुण्याहून फोन आला, की त्यांची थोरली बहीण अत्यवस्थ आहे. मी आणि पत्नी त्यांच्याबरोबर निघालो. निघता निघता ताईंनी ओल्या फडक्यात बांधलेले बी आप्पांच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "आप्पा, जपा." एवढेच. एका बी जाणणाऱ्याने दुसऱ्या बी जाणणाऱ्याला याहून काय सांगायचे?

बहीण गेली. दिवसकार्य आटोपून आम्ही परतलो, तर आप्पा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर वाट पाहत बसलेले. हातात स्टीलचा डबा, झाकणावर फडके घट्ट बांधलेले. आधी त्यांनी बहिणीचे विचारले, टोपी काढली. मग डबा पुढे केला.

"ताई, तुम्ही गडबडीत व्हत्या, पण बी लय वलं दिलं व्हतं. बुरशी धरली असती. मी गच्चीवर कडक ऊन दिलं. पोराला सांगून एकलहऱ्याची मूठभर राख आनली, तिच्यात घोळलं. झाकन पक्कं हे. आता दोन वर्सं हलायचं नाय."

कांद्याचे बी असेच जपतात. ओले राहिले तर ते जाते. हे देवळ्यात लहान मुलालाही ठाऊक असते. कामिनीचे बी नेमके उलटे. त्याच्या अंगावर मऊ लव असते आणि आत ओल असते. ती ओल गेली की बी मेले. ताईंनीच मला हे अनेकदा सांगितले होते. मी ताईंकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

त्यांनी डबा घेतला, उजव्या कानाशी नेऊन हलवला. आत खडखड झाली. कोरडा, स्वच्छ आवाज. त्या तो जरा जास्त वेळ ऐकत राहिल्या, असे मला वाटले.

"फार निगुतीनं केलंत, आप्पा," त्या म्हणाल्या.

"बी आपलं असो का दुसऱ्याचं, जपायचं सारखंच," आप्पा म्हणाले आणि कठडा धरून, समाधानाने, खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ते बी पेरले. सगळे. राख झटकून, काडीने खाच करून, एकेक. पुढे रोज सकाळी झारीने पाणी. थंडीत मी ऊन खायला गच्चीवर पेपर घेऊन बसे, त्यामुळे हे सारे माझ्यासमोर होत होते. आणि रोज, पाणी घालून होण्याच्या सुमारास, आप्पा तीन मजले चढून येत. पालथ्या बादलीवर बसत.

"अजून काय नाय?"

"रिंग जातेय, आप्पा."

"लागू द्या येळ. बी पक्कं हे."

ज्यांची जीभ अध्यक्षांपासून कुणाचीच गय करीत नसे, त्या बाई रोज हे उत्तर देत होत्या आणि रोज तितक्याच काळजीने, माती उडू नये म्हणून झारीला बारीक जाळी लावून, मेलेल्या बियांना पाणी घालत होत्या. एकदा आप्पा उतरून गेल्यावर मला राहवले नाही.

"ताई, हे उगवणार नाही ना?"

"नाही."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगितल्यानं उगवणार असेल, तर आत्ता हाक मारते," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या ट्रेकडे वळल्या.

मी पेपर उघडला. माझ्या वाचनात थोर माणसे पुष्कळ आली होती. ती अशी झारी घेऊन समोर उभी असतील, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले. त्या दिवशी आप्पा बादलीवर बसले, पण रोजचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पाणी घालून होईपर्यंत ते पाहत राहिले.

"ताई, एक इचारू? पानी कुनासाठी घालताय?"

"झाडांसाठी."

"हितं झाडं नाय. मला म्हाईत हे."

ताईंनी झारी खाली ठेवली. "केव्हापासून?"

"तुम्ही पेरलं त्या आठवड्यापासून. माझ्याकडं चार दाने काढून ठेवले व्हते. उळ्याची उगवन बघतो तशे वल्या फडक्यात बांधले. फुगलेच नाय. एक नखानं फोडला, आत नुसता भुगा." ते गच्चीच्या फरशीकडे पाहत होते. "माझ्या हातानं गेलं ते."

"मग रोज तीन मजले चढून कशाला येत होतात?"

"तुम्ही पानी घालत व्हत्या म्हनून."

माझ्या हातातला पेपर वाजू नये म्हणून मी तो घट्ट धरला होता. मग ताई म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही लबाड आहात."

"तुमच्याशेजारी ऱ्हातो ना," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने, आवाज उतरवून, "राग आला व्हता का?"

"आला होता. त्या रात्री झोप नाही लागली."

"मंग?"

"मग सकाळ झाली. पाण्याची वेळ झाली."

आप्पांनी मान हलवली. जणू हे त्यांना पूर्ण पटले होते. जणू यापलीकडे कुणी कुणाला देण्यासारखे स्पष्टीकरण नसते. जाण्यासाठी उठले आणि जिन्याच्या दारात थांबले. "दिंडोरीला भाच्याच्या मळ्यात बंगल्यापुढं अशीच एक हे. आपल्या झाडाची कुनी लागत नाय ती. पन लाल व्हते."

आम्ही भाच्याच्या गाडीतून गेलो. द्राक्षतोडणीचे दिवस होते. मळ्यात क्रेट भरण्याची घाई चाललेली, ट्रॅक्टर उभे. त्या गडबडीत दोन म्हातारी माणसे बंगल्यासमोरच्या कामिनीखाली उभी राहून हंगामाची शेवटची फळे वेचत होती. मजूर बायका त्यांच्याकडे पाहून हसत होत्या. एकीने विचारले, "आजी, हे खात्यात का?" ताई म्हणाल्या, "नाही, बघत्यात." आप्पांना हसू आवरेना.

या वेळी बी धुण्याचे काम ताईंनी आप्पांवर सोपवले. धुतलेले, लव चिकटलेले ओले बी तसेच मातीत घालायचे, हे पाहून त्यांचा जीव वर-खाली झाला. "जरा सावलीत तरी..." असे ते पुटपुटले. ताईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. आप्पांनी डोळे मिटले आणि पेरले. चैत्र संपता संपता ट्रेमध्ये दुहेरी पानांची हिरवी टोके दिसली, तेव्हा आप्पांनी ती पुन्हा पुन्हा जवळून पाहिली आणि फक्त एवढेच म्हणाले, "आमच्याकडं कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं नाय."

फाटकाजवळच्या कामिनीचा वंश मात्र राहिला नाही. ताईंनी ते कधी झाकले नाही आणि त्याविषयी हळहळल्याही नाहीत. दिंडोरीची रोपे ही दिंडोरीची रोपे आहेत, असे त्या स्पष्ट सांगत. ती कुणाला वाटून टाकली नाहीत, हा एवढाच बदल.

ताई आता नाहीत. त्यांची भाची त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि त्या तिथेच गेल्या. मी त्यांना शेवटचे पाहिले ते निघण्याच्या आदल्या दिवशी. पाऊस ओसरला होता. मागे सरकलेल्या नव्या भिंतीच्या आत, ओल्या जमिनीत, रोपे लावण्याचे काम चालले होते. ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, कारण आता त्यांना फार वेळ उभे राहवत नव्हते. आप्पा गुडघ्यांवर बसून टिकावाने खड्डा घेत होते. रोपे जेमतेम हातभर होती. पलीकडे रुंद झालेल्या रस्त्यावरून गाड्या वेगाने जात होत्या. मी पाण्याची बादली घेऊन उभा होतो.

आप्पांनी घाम पुसला. "ताई, हेला फळ कधी धरंल?"

"चार-पाच वर्षं तरी."

"तुम्ही येनार बघायला?"

"मी कशाला? तुम्ही आहात."

"मी तुमच्यापेक्षा थोरला हे, ताई."

"मग दुसरं कुणीतरी बघेल," ताई म्हणाल्या. त्या खुर्चीतून पुढे वाकल्या, खड्ड्यात पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. "आप्पा, हा उथळ आहे. आणखी खोल घ्या."

आप्पांनी कुरकुरत पुन्हा टिकाव उचलला.